रुआहाच्या वायरलेसवर माधू

आधीच सांगते, नंतर गैरसमज नको. माझा धंदा चष्म्यांचा आहे. कुंभकोणमच्या मोठ्या रस्त्यावर वडिलांनी थाटलेलं दुकान मी गेली तीस वर्षं सांभाळते. "कोपऱ्यात कुणीतरी उभं असतं हो" असं सांगत येणारी माणसं माझ्याकडे कमी नाहीत. मी त्यांना खुर्चीत बसवते, अक्षरांचा तक्ता वाचायला लावते, आणि बहुतेकांना मोतीबिंदू निघतो. उरलेल्यांची झोप कमी पडलेली असते. त्यामुळे या सदरातले अनुभव मी आजवर नाक मुरडत, पण एकही न चुकवता वाचत आले. आज मीच लिहायला बसले आहे. हसायचं तर हसा... मी तुमच्या जागी असते तर हसलेच असते.

मी तंजावूरकडच्या मराठी घरातली. मराठा राजांच्या काळात आमचे पूर्वज इकडे आले ते इथलेच झाले. घरात आम्ही अजून मराठी बोलतो, पण ते जुन्या वळणाचं, तमिळ मिसळलेलं. तुम्ही वाचताय ते मराठी मी मासिकं वाचून शिकले. आणि उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं की आमच्या तोंडात आपोआप तमिळ येतं. ठरवून नाही — पायात चप्पल जावी तसं. हे एवढं लक्षात ठेवा.

अप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, एक नियम होता. उंबऱ्याच्या आत कुणी तमिळ बोललं तर त्याला उत्तर द्यायचं नाही. रागवायचं नाही, मारायचं नाही, फक्त ऐकूच आलं नाही असं बसायचं. मी तमिळमध्ये कॉफी मागितली तर अप्पा भिंतीकडे बघत राहायचे. माझा धाकटा भाऊ माधू सहा वर्षांचा असताना गुडघा फोडून रडत घरात आला, रक्त पोटरीवरून खाली ओघळत होतं, आणि काय झालं ते तमिळमध्ये सांगायला लागला. अप्पा उठले नाहीत. खुर्चीच्या कडेपर्यंत सरकले, मी बघत होते, पण उठले नाहीत. शेवटी माधूने हुंदके गिळले आणि मराठीत म्हणाला, "अप्पा, मी पडलों." तेव्हा त्याला असं उचलून धरलं की सोडेचनात.

आणि गंमत बघा, पुढे या नियमाचा सगळ्यात कट्टर राखणदार माधूच झाला.

माधू स्वयंपाकी. इथून जवळच्या मरुदानल्लूरला भजनाच्या उत्सवात पंगतीवर पंगती उठायच्या, तिथल्या चुलींवर त्याचा हात बसला. लग्न केलं नाही. "चूल आहे की," म्हणायचा. चाळिशीत असताना त्याला आफ्रिकेतलं काम मिळालं. टांझानियात रुआहा नावाचं नॅशनल पार्क आहे, तिथे नदीकाठी एक तंबूंचा कॅम्प, आणि त्यांना भारतीय पाहुण्यांसाठी शाकाहारी स्वयंपाकी हवा होता. "अक्का, ह्या लोकांस सिंह हाताच्या अंतरावर होणा, पण ताटांत आमटी-भातच होणा," असं त्याने पहिल्याच फोनवर सांगितलं होतं. होणा म्हणजे हवा, हे आमचं मराठी.

दर शनिवारी दुपारी तो कॅम्पामागच्या एका खडकावर चढायचा, कारण रेंज तिथेच मिळायची. मी तेव्हा दुकानात असायची. त्याचे पहिले दोन प्रश्न ठरलेले. "अक्का, जेवलीस?" आणि मग, "आईच्या डोळ्यांत थेंब घातलेस?" आईला काचबिंदू आहे. सकाळ-संध्याकाळ थेंब चुकवून चालत नाही. चष्म्याच्या दुकानदारणीला आईच्या डोळ्यांची आठवण करून द्यायची म्हणजे... मला राग यायचा. पण तो विचारायचाच.

आणि समोर गिऱ्हाईक असल्यामुळे माझ्या तोंडून "सोल्लुडा" — बोल रे — असं तमिळ गेलं, की पलीकडे एकदम शांत. वाऱ्याचा आवाज तेवढा यायचा. "अरे, गिऱ्हाईक बसलंय," असं मी हळूच मराठीत म्हटलं की मग बोलणार. "फोन म्हणजे घर," असं त्याचं म्हणणं. एकदा मी हट्टाने तमिळच बोलत राहिले, तर हा पठ्ठ्या गप्प तो गप्प, लाइन कटेपर्यंत. एक आख्खा शनिवार आम्ही भावंडांनी त्या वेडेपणात घालवला.

आठ वर्षांपूर्वी माधू हरवला.

कसा, तेही सांगते. आमच्याकडे पितळेची भांडी चिंच लावून नदीच्या वाळूने घासतात. जाताना माधूने घरातला एक पितळी तांब्या नेला होता, आणि तो साबणाने घासलेला त्याला खपायचा नाही. कॅम्पाचा नियम कडक — सोबत बंदूकवाला गार्ड असल्याशिवाय कॅम्पाबाहेर पाऊल टाकायचं नाही. पण नदी समोरच, पन्नास-साठ पावलांवर, कोरडी ठक्क. दुपारची जेवणं आटोपल्यावर तो मूठभर वाळू आणायला गेला. कावेरीच्या काठावर वाढलेल्या माणसाला नदीत वाळू घ्यायला जाताना गार्ड मागावा असं सुचतच नाही हो.

तांब्या मिळाला, अर्धा वाळूने भरलेला. माधू मिळाला नाही. त्याच संध्याकाळी हत्तींचा मोठा कळप नदी ओलांडून गेला होता, त्यामुळे पावलांच्या खुणाही उरल्या नाहीत. रेंजर लोकांनी आठ दिवस शोधलं. कपड्याची चिंधीसुद्धा सापडली नाही. पुढे कॅम्पातल्या कुणीतरी तो तांब्या वाळूसकट कापडाने बांधून आमच्याकडे पाठवला. आईने तो देवघरात ठेवला, आणि वाळू कुणाला काढू दिली नाही.

शास्त्र्यांनी सांगितलं, माणसाचा पत्ता लागत नसेल तर बारा वर्षं वाट बघतात, मग दर्भाची प्रतिमा करून अंत्यविधी करतात. मरण नक्की ठाऊक असेल तर आधीही चालतं. "मग नक्की काय, ते मज कोण सांगेल?" आईने विचारलं. ती तेव्हा शहात्तर वर्षांची होती. जिवंत मुलाचे दिवस घालायचे की काय, ही एक भीती, आणि मेलेला मुलगा आपल्यामागे तसाच उपाशी राहील, ही दुसरी. या दोन भीतींच्या मधे ती सात वर्षं बसून होती. गेल्या वर्षी ती आजारी पडून उठली आणि मला म्हणाली, "बारा वर्षें मी कोठें जगतें. तू जाऊन ये. तो होता ती जागा बघ. तुला कळेल." मी म्हटलं, काय कळेल, सात वर्षांनी तिथे काय असणार? ती म्हणाली, "तू डोळे तपासतेस ना? जाऊन तपास."

म्हणून मी गेले. सफारीची हौस म्हणून नव्हे.

रुआहाला फारसे ग्रुप जात नाहीत, बहुतेक सेरेंगेटीला जातात. पुण्याहून एक छोटा ग्रुप निघत होता, त्यात मला जागा मिळाली. चेन्नईला जाऊन पिवळ्या तापाची लस घेतली. निळे-काळे कपडे आणू नका, त्यावर त्सेत्से माश्या धावून येतात, असं यादीत लिहिलं होतं, म्हणून दोन मातकट चुडीदार शिवून घेतले. आईच्या थेंबांची जबाबदारी घरकाम करणाऱ्या सेल्वीवर सोपवली आणि तिच्याकडून तीनदा वदवून घेतलं.

जीपमध्ये माझ्यासोबत पुण्याचे कुलकर्णी पती-पत्नी होते, आणि ड्रायव्हर बराका. कुलकर्णी माणसं प्रेमळ, पण माझं मराठी त्यांना करमणुकीसारखं झालं. "जानकीताई, परत म्हणा ना 'कोठें'," असं काका म्हणायचे. काकू म्हणायच्या, "अगदी आमच्या पणजीसारखं बोलता हो." वाईट हेतू काही नव्हता, हे मी आजही सांगते. पण दुसऱ्या दिवसापासून मी त्यांच्याशी जमेल तेवढं इंग्रजीत बोलायला लागले. साठीला आलेल्या बाईला आपल्याच भाषेची लाज वाटावी... वाटली खरी.

तिसरा दिवस. सकाळचे साडेअकरा, टळटळीत ऊन. मुद्दाम सांगते, अंधार नव्हता, झोप नव्हती, ताप नव्हता. बराकाने जीप नदीच्या काठावर एका जाडजूड बाओबाबच्या झाडाच्या सावलीत उभी केली आणि इंजिन बंद केलं. कॅम्पाची जुनी जागा तिथेच होती, माधू गेल्यावर त्यांनी कॅम्प वरच्या अंगाला हलवला. मी आदल्या रात्री बराकाला सगळं सांगितलं होतं. तो तेव्हा फक्त "पोले, मामा" म्हणाला होता. सांत्वन करताना तिकडे पोले म्हणतात, आणि मामा म्हणजे आई.

समोर कोरड्या पात्रात सात-आठ हत्ती होते. पायाने आणि सोंडेने वाळू उकरत होते, खड्ड्यात पाणी झिरपायची वाट बघत होते. उन्हाळ्यात आमच्या कावेरीत बायका करतात ना, तसंच. मला एकदम माधू तिथे दिसला — नाही, भुताटकी नव्हे. मनात दिसला. तो उभा असता तर म्हणाला असता, अक्का, हे आपलंच गाव. मला रडू आलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला वाटलं की त्याने तांब्या घेऊन खाली उतरणं किती साधं होतं. काका मोबाइलवर हत्तींचा व्हिडिओ घेत होते.

जीपमध्ये एक वायरलेस असतो. कुठे काय दिसलं ते ड्रायव्हर लोक त्यावर स्वाहिलीत एकमेकांना सांगतात. दिवसभर त्याची खरखर चालू असते, कुणी लक्ष देत नाही. तेव्हाही खरखर झाली. आणि त्यातून आवाज आला.

"अक्का, जेवलीस?"

मी हलले नाही. काकूंनी चटकन माझ्याकडे बघितलं. काकांचा हात तसाच वर, मोबाइल धरलेला.

"अक्का, कोठें आहेस? आईच्या डोळ्यांत थेंब घातलेस?"

माधूचा आवाज. जरा घोगरा, खडकावर चढून आल्यावर व्हायचा तसा. बराकाला शब्द कळले नसणार, पण माझा चेहरा त्याने बघितला. त्याने हुकावरचा माइक काढला आणि माझ्या हातात दिला, बटण कसं दाबायचं ते दाखवलं. "युवर लँग्वेज, मामा," हळूच म्हणाला.

सात वर्षं मी काय काय विचारायचं ठरवलं होतं. तू आहेस की नाहीस. दुखलं का रे. आईला काय सांगू. आणि हातात माइक, भोवती परकी माणसं, शेजारी पुण्याचे दोघे कान देऊन बसलेले... मी बटण दाबलं आणि माझ्या तोंडून गेलं —

"यारु पेसरदु?"

कोण बोलतंय. तमिळमध्ये. दुकानात फोन उचलल्यावर दिवसातून वीसदा म्हणते तसं.

बटण सोडलं. पलीकडे शांत झालं. बंद पडलं नव्हतं — लाइन चालू होती, वाऱ्याचा आवाज येत होता. मला ती शांतता चांगली ओळखीची होती. मी परत बटण दाबलं आणि मराठीत ओरडले, "माधू, मी रे, अक्का, घातले, थेंब घातले, बोल की." काय काय बोलले आठवत नाही. आमच्या जुन्याच मराठीत बोलले, कुणाची पर्वा न करता. पण तोवर खरखर परत आली होती, आणि तिच्यातून कुणीतरी ड्रायव्हर स्वाहिलीत बोलत होता. वरच्या वळणावर चित्ता दिसला असं तो सांगत होता, हे मला बराकाकडून मागाहून कळलं.

काकूंनी मला धरलं. त्याच रडत होत्या. "ऐकलं मी, ताई. मी पण ऐकलं. मराठी होतं," असं पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. काकांनीही मान डोलावली. नंतरच्या तीन दिवसांत त्यांनी मला एकदाही कोठें म्हणायला लावलं नाही.

संध्याकाळी कॅम्पातून घरी फोन केला. सेल्वी चाचरत बोलली. थेंबांची बाटली परवाच संपली होती, औषधांच्या दुकानात माल नव्हता, आणि आईनेच बजावलं होतं की अक्काला सांगू नकोस, ती लांब आहे. दोन दिवस आईच्या डोळ्यांत थेंब गेले नव्हते. मी ओळखीच्या डॉक्टरांना फोन करून रात्रीच्या आत बाटली घरी पोचती केली.

आता तपासाचं सांगते, तुम्ही विचारणारच. बराकाने त्या दिवशी पार्कात असलेल्या सगळ्या ड्रायव्हरांना विचारलं. कुणी काही बोललेलं नव्हतं, कुणी काही ऐकलेलं नव्हतं. आमच्या ग्रुपखेरीज भारतीय पाहुणे त्या आठवड्यात नव्हते. आणि काकांचा व्हिडिओ — तो माझ्याकडे आहे, मी शंभरदा बघितला असेल. हत्ती दिसतात, वाळू दिसते, वारा ऐकू येतो. माधूचा आवाज असायला हवा तिथे नुसती खरखर आहे. आणि मग अगदी स्वच्छ, जवळून, माझा आवाज येतो. यारु पेसरदु. तेवढंच राहिलं आहे.

घरी आले. आईला सांगायला मला दोन दिवस लागले. ती देवघरासमोर बसली होती. मी सगळं सांगितलं, थेंबांचं सांगितलं, आणि मधलं ते वाक्य गाळून म्हटलं, पुढे आवाज बंद झाला. आईची नजर आता फार कमी आहे, पण तिने माझ्याकडे तोंड वळवलं.

"तू कशांत बोललीस?"

खोटं बोलता आलं नाही. "तमिळ," म्हटलं.

मला वाटलं, बोल लावेल. लावला असता तर बरं झालं असतं. तिने माझा हात शोधला आणि धरला.

"तो घरांतून बोलत होता गे," ती म्हणाली. "तू बाहेरून बोललीस."

मग थोड्या वेळाने म्हणाली, "जिवंत माणूस फोन करतो, जानकी. शास्त्र्यांस बोलाव."

पुढच्याच महिन्यात चुलतभावाने दर्भाच्या प्रतिमेचे सगळे विधी केले. आईला आम्ही रिक्षाने कावेरीच्या घाटावर नेलं. तांब्यातली वाळू तिने स्वतःच्या हाताने पाण्यात सोडली, मुठीमुठीने, एकदम ओतून दिली नाही. रुआहाची वाळू आमच्या वाळूवर पडली आणि वेगळी ओळखू येईनाशी झाली. आईने रिकामा तांब्या तिथेच चिंच लावून घासला, आमच्या नदीच्या वाळूने, लख्ख होईपर्यंत. "आतां जेवायला ये रे," म्हणाली. त्या रात्री ती शांत झोपली, आणि अजून झोपते.

मला झोप लागत नाही, आणि त्याचं कारण मोतीबिंदू नाही. वायरलेसवर आवाज कसा आला, चौघांना ऐकू आलेला तो मोबाइलला का ऐकू आला नाही, बाटली संपल्याचं त्याला कसं कळलं — मला ठाऊक नाही. कुणी भेटलं आणि समजावून सांगितलं तर मी ऐकून घेईन. मला एवढंच ठाऊक आहे की मला एक वाक्य बोलायला मिळालं होतं, आणि ते मी परक्यासारखं बोलले.

हल्ली दुकानातला फोन वाजला की मी मराठीत बोलते. "कोण रे? बोल." बँकवाले गोंधळतात, लेन्सचा कारखानदार राँग नंबर म्हणून ठेवून देतो आणि पुन्हा लावतो, बाजारात लोक म्हणतात की चष्मेवाल्या अक्काचं डोकं फिरलंय. म्हणू देत. शनिवारी दुपारी तर मी गिऱ्हाइकालाही थांबायला सांगते. फोन वाजतो, मी उचलते, पलीकडे कुणीतरी तमिळमध्ये फ्रेमची किंमत विचारतं, आणि उत्तर द्यायला मला जरा वेळ लागतो.